साधेपणाची स्लाइड

नाडकर्णी काकूंच्या बॅगेतल्या कडक इस्त्रीच्या साड्या मी बाहेर काढायला लावल्या. काकू मलावीला गणित शिकवायला निघाल्या होत्या आणि मी त्यांना, माझ्या समजुतीप्रमाणे, नम्रता शिकवत होतो.

फरीदाबादला आमच्या संस्थेचं ऑफिस आहे. इकडचे शिक्षक आम्ही व्हॉलंटियर म्हणून आफ्रिकेतल्या शाळांत पाठवतो. राहणं-जेवण तिकडची शाळा बघते, पगार नाही. निघण्यापूर्वी सगळ्यांचं ओरिएंटेशन होतं. तिकडे कसं वागावं, काय बोलू नये, बॅगेत काय भरावं, हे सांगायचं काम माझं. मी स्वतः मलावीला कधी गेलेलो नाही. पण माझ्या स्लाइड्स फार सुंदर आहेत.

काकू लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतात. काका मिनिस्ट्रीत. काकूंनी दिल्लीच्या सरकारी शाळेत जन्मभर गणित शिकवलं आणि परदेशात एकदा तरी शिकवायचंच म्हणून नोकरी मुदतीआधी सोडली. त्यांची बॅग उघडली आणि मी हादरलो.

"काकू, हे लग्नाचं पॅकिंग आहे!"

"कॉटन आहे रे. स्टार्च केलंय, इतकंच. आणि ब्लाउज करोल बागेत मॅचिंग शिवून घेतलेत."

"गरीब मुलांपुढे असं नटून उभं राहिलं की त्यांना कमीपणा वाटतो."

"समीर, मी वर्गात गबाळी गेले की मुलं गणितही गबाळं करतात. हे मी आयुष्यभर पाहिलंय."

मी स्लाइड दाखवली. 'साधे राहा, त्यांच्यातले व्हा.' खाली मावळत्या सूर्याचा फोटो. असल्या स्लाइडपुढे कोणाचं काही चालत नाही.

बदल्यात मी त्यांना संस्थेचे खादीचे सैल कुर्ते दिले. धुऊन धुऊन त्यांचा रंग कोणता होता हे संस्थेलाही आठवत नव्हतं. पायात साध्या चपला. आरशात बघून काकू म्हणाल्या, "या अवतारात मी भाजी आणायलाही जात नाही." पण ऐकलं बिचारीनं. साड्या माझ्या कपाटात गेल्या, काकू मलावीला गेल्या.

काही आठवड्यांनी तिथल्या हेडमास्तरांचा, मिस्टर फिरींचा फोन आला. फार अदबीनं बोलत होते. त्यांना रिकॉल हवा होता. रिकॉल म्हणजे व्हॉलंटियरला मुदतीआधी परत बोलावणं. त्या माणसाला आम्ही पुन्हा कुठे पाठवत नाही, आणि त्या शाळेला त्या वर्षी दुसरा शिक्षक मिळत नाही. त्या शाळेत वरच्या वर्गातल्या मुलींची बोर्डाची परीक्षा जवळ आली होती आणि काकू येईपर्यंत गणिताला कोणीच नव्हतं.

"शिकवत नाहीत का नीट?" मी विचारलं.

"उत्तम शिकवतात. पण पालक विचारतात, या बाईंना आमची शाळा शेत वाटते का? असे कपडे आम्ही शेतावर घालतो."

मग त्यांनी मला शांतपणे समजावलं. त्यांच्याकडे शिक्षक टाय लावून, बूट चमकवून वर्गात जातो. मुली कोळशाच्या इस्त्रीनं युनिफॉर्म कडक करून येतात. काकूंच्या स्वागताला मुलींच्या आया चर्चला जायचे खास कपडे घालून आल्या होत्या. आणि गाडीतून उतरलं कोण? माझी स्लाइड. आयांना वाटलं, आपण या बाईंच्या लेखी एवढ्याही मोलाचे नाही. हळूहळू मुली वर्गाला यायच्या बंद झाल्या.

आमचे डायरेक्टर खुराना सर सगळं ऐकत होते.

"बैग किसने खाली करवाई?"

"मैंने, सर. स्लाइड के हिसाब से."

"और स्लाइड किसने बनाई?"

मी पंख्याकडे बघितलं.

मिस्टर फिरींकडून थोडी मुदत मागून घेतली आणि काकूंना फोन लावला. शिव्या खायच्या तयारीनं. काकूंचा आवाज मात्र बारीक झालेला. "परत यावं लागेल का रे? मुलींची त्रिकोणमिती अर्धी राहिलीये."

"काकू, तिकडे एखादी साडी मिळेल का?"

"एक आहे. स्वेटरमध्ये गुंडाळून आणली होती, तुझ्या नकळत."

"मग नेसला का नाहीत?"

"तूच म्हणालास ना, मुलांना कमीपणा वाटेल. मला वाटलं तुला माहीत असेल. तू ओरिएंटेशन घेतोस."

बाकीच्या साड्या मी त्याच आठवड्यात मलावीला निघालेल्या गुडगावच्या एका मुलाच्या बॅगेत कोंबल्या. त्यासाठी त्याची भुजिया काढावी लागली. तो अजून माझ्याशी बोलत नाही.

पुढच्या महिन्यात खुराना सरांनी मला व्हिडिओ कॉलवर माफी मागायला बसवलं. पलीकडे मिस्टर फिरी सूट-टायमध्ये. शेजारी काकू, पोपटी साडी, एक निरी इकडची तिकडे नाही. मागे वर्ग गच्च भरलेला. मिस्टर फिरींनी रिकॉल मागे घेतल्याचं सांगितलं. मुली परत आल्या होत्या. आया वर्गाच्या दारापर्यंत येऊन साडीचा पदर हातात घेऊन बघून जात होत्या. मी माफी मागितली. मिस्टर फिरी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. मग माइक बंद करून काकूंना काहीतरी म्हणाले आणि काकू तोंडाला पदर लावून हसल्या.

संध्याकाळी मी ती स्लाइड काढून टाकली. मावळता सूर्य गेला. त्याच्या जागी दोनच शब्द लिहिले: 'इस्त्री न्या.' आपला साधेपणा आपल्याला परवडतो म्हणून तो दुसऱ्याला मान वाटेलच असं नाही, एवढंच मला एक माणूस खंडापार पाठवून कळलं. नवी स्लाइड काकूंना पाठवली. लगेच त्यांचा फोन.

"स्लाइड बरीये. पण समीर, आज कॉलवर काय घातलं होतंस?"

"खादीचा कुर्ता. माझा सगळ्यात चांगला. का? मिस्टर फिरी काय म्हणाले?"

"विचारत होते, याची कुदळ कुठाय?"