शेडमास्तरांची दुपारची झोप

शेडमास्तरांनी उभा जन्म कापडाच्या गिरणीत रंग जुळवण्यात घालवला. गिऱ्हाइकाने चिंधी आणून टाकायची आणि "अगदी असाच हवा" म्हणायचं. मास्तरांनी ती खिडकीपाशी नेऊन एक डोळा बारीक करायचा आणि तसाच रंग काढून द्यायचा. निवृत्त झाल्यावर एवढ्या तयार नजरेचं करायचं काय? घराच्या भिंती तीनदा रंगवून झाल्या, चौथ्यांदा डबे आले, तेव्हा बायकोनेच सुचवलं, "अहो, आपण गावाबाहेर जागा घेऊ. चार जनावरं पाळू. मोकळी हवा लागेल." बाईंना वाटलं, जनावरं तरी रंगवता येत नाहीत. काय हा भाबडेपणा!

बाईंना सगळे मास्तरीणबाई म्हणत. त्यांनी आयुष्यात कुणाला काही शिकवलं नव्हतं, नवऱ्याला तर नाहीच नाही.

जागा मात्र झकास मिळाली. मागे ओढा, ओढ्याकाठी गवत, दोन शेळ्या, थोड्या कोंबड्या. शिवाय राजहंसांची एक जोडी, जी आधीच्या मालकाने दाराकडीसारखी घराबरोबरच ठेवून दिली होती. नर निळसर राखी, छातीवर पांढरे डाग. काडीचं काम न करता सगळ्यांवर ओरडायचा, म्हणून त्याचं नाव साहेब पडलं. मादी वयस्कर, पांढरीशुभ्र, चालताना जराशी डावीकडे कलणारी. ती मावशी. बाई भाजी निवडायला पायरीवर बसल्या की मावशी त्यांच्या पायाशी येऊन बसायची. बाई तिला सुनेचं, गुडघ्याचं, गॅस पुरत नसल्याचं, सगळं सांगायच्या. मावशी मधूनमधून हुंकार भरायची. एवढ्या वर्षांच्या संसारात पुरतं ऐकून घेणारं कुणीतरी बाईंना पहिल्यांदाच भेटलं होतं. त्यांचा त्या पाखरावर जीव जडला, यात नवल ते काय.

इकडे मास्तरांची नजर साहेबाच्या पाठीवर पडली आणि तिथेच चिकटली.

"रंग हा," ते म्हणाले. "पण डाग नकोत. चोचीपासून शेपटीपर्यंत एकसारखा काढायचा. वर्षअखेरच्या पक्ष्यांच्या प्रदर्शनात ठेवू."

"काढायचा म्हणजे? ते काय लुगडं आहे?"

पण मास्तर कामाला लागले होते. त्यांनी कुठूनशी राखी रंगाची एक तरुण मादी आणली. तिला नाव सुचेना, म्हणून ती नुसती नवी. अंगणात मधोमध जाळी उभी राहिली, जाळीला दार, दाराला कडी. अलीकडे साहेब आणि नवी, पलीकडे मावशी एकटी. मास्तरांचं गणित सरळ होतं. पांढरा म्हणजे कोरा. रंगात कोरं मिसळलं की रंग फिका पडतो, डाग पडतात. म्हणून मावशी बाद.

दूधवाला रोज सायकल टेकवून हा उद्योग बघायचा. तो म्हणाला, "मास्तर, यांची जोडी एकदा जमली की जमली. सांगून ऐकायची नाहीत ही."

"गिरणीत मी संपवाल्यांकडून काम करून घेतलंय," मास्तर म्हणाले.

साहेब मात्र संपवाल्यांचाही बाप निघाला. दिवसभर जाळीला छाती लावून उभा. पलीकडून मावशीही तशीच. दाण्याला तोंड लावायचा नाही, ओरडायचं तर विसरूनच गेला. नवी दोघांच्या वाट्याचं खाऊन टुणटुणीत झाली आणि तिने अंडी घातली. खुडूक कोंबडीखाली ती ठेवली. बरेच दिवस गेल्यावर मास्तरांनी एकेक अंडं बल्बसमोर धरलं. आत नुसता पिवळा उजेड. जीव कुठेच नाही.

त्या दिवसापासून मास्तरांचंही जेवण तुटलं. ताटावर बसायचे, भाकरीचा तुकडा मोडायचे, तसाच ठेवून उठायचे. एका घरात दोन नर उपाशी, आणि दोघांची समजूत काढायला एकच बाई! आतून साहेबाची दया येत होती, नवऱ्याचीही येत होती, आणि मावशीकडे तर बघवत नव्हतं. शेवटी बाईंनी विचार केला, दोघांचा उपास एकाच कडीने सुटेल.

मास्तरांची दुपारची झोप प्रसिद्ध होती. घोरणं सुरू झालं की बाई उठायच्या आणि जाळीचं दार उघडायच्या. साहेब मान लांब करून धावत सुटायचा, मावशी डावीकडे कलत सामोरी यायची, आणि दोघं एकमेकांना असं काही सांगत सुटायची की बाईंना तोंडाला पदर लावून हसू आवरावं लागायचं. मग जोडी ओढ्यावर. चहाचं आधण ठेवायच्या वेळेला सगळे आपापल्या जागी.

साहेब खायला लागला. मास्तर म्हणाले, "बघ, नवी मानवली त्याला." तेही जेवायला लागले.

पुढे नवीने अंडी घातली, तशी मावशीनेही लाकडांच्या मागे घातली. कोंबडीखाली कुठली ठेवायची हे बाईंच्या हातात होतं. नवीची आतून कोरी असणार, हे त्यांना ठाऊक होतं. पुन्हा बल्बसमोर ते तोंड बघायची त्यांची तयारी नव्हती. पांढरी तर पांढरी, पिल्लं तरी निघतील, म्हणून त्यांनी मावशीची ठेवली. नवीच्या अंड्यांची पोळी करून मास्तरांना वाढली.

पिल्लं निघाली. दोन पांढरी आणि एक मळकट. पांढऱ्यांचा दोष मास्तरांनी साहेबाच्या छातीवरच्या डागांवर ढकलला. मळकट पिल्लाला पिसं फुटली तेव्हा मास्तरांनी त्याला खिडकीपाशी नेलं आणि एक डोळा बारीक केला. निळसर राखी. एकसारखं. डाग नावाला नाही.

झालं! येणाऱ्याजाणाऱ्याला धरून व्याख्यानं सुरू झाली. जाळी कशी हवी, शिस्त कशी हवी, कोरं दूर कसं ठेवावं. दूधवाला दूध दारात ठेवून पळायला लागला. अन् एका संध्याकाळी मास्तर सहज म्हणाले, "हमरस्त्यावरचा खानावळवाला उद्या मावशीला न्यायला येतोय. आता तिचा उपयोग नाही."

बाईंच्या हातातली पळी तशीच राहिली. खरं सांगावं तर नवऱ्याची सगळी प्रतिष्ठा धुळीला मिळणार. न सांगावं तर मावशी रश्श्यात. नवऱ्याला एवढं आनंदात त्यांनी गिरणी सुटल्यापासून पाहिलं नव्हतं.

"मावशी जाणार नाही," त्या म्हणाल्या.

"अगं, पांढरी आहे ती. तिच्यात काही नाही."

"तो निळा तिचा आहे."

मास्तर हसले. मग हसायचे थांबले. बाईंनी दार, ओढा, अंडी, सगळं सांगून टाकलं.

"रोज?" मास्तरांनी विचारलं.

"तुम्ही घोरायला लागलात की."

"आणि नवीची अंडी?"

"तुम्ही खाल्लीत. छान झाली म्हणालात."

मास्तर उठून अंगणात गेले. मावशीचं पडलेलं एक पीस उचलून मावळत्या उजेडाकडे धरून बराच वेळ बघत राहिले. आत आले ते पाटावर न बसता ओट्याशी उभे राहिले.

"पांढरं दिसलं म्हणजे कापड कोरंच असतं असं नाही, कधी कधी पांढरा वरून चढवलेलाही असतो," ते म्हणाले. "खाली काय आहे ते मग दिसत नाही. एवढी वर्षं रंगखात्यात काढली आणि घरात ओळखता आलं नाही." बाईंची पळी पुन्हा फिरायला लागली. सकाळी खानावळवाला आला तेव्हा मास्तरांनी त्याला एक भोपळा देऊन वाटेला लावलं, आणि जाळी उपटून शेळ्यांच्या गोठ्याला ठोकली.

प्रदर्शनात निळ्याला दुसरा नंबर मिळाला. पहिला एका झिपऱ्या कोंबड्याने नेला. परीक्षक निळ्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "असा सलग रंग मी पाहिला नाही. मास्तर, युक्ती काय?"

टोपली धरून उभ्या असलेल्या मास्तरीणबाईंनी मान खाली घातली. आता व्याख्यान सुरू होणार, हे त्या धरूनच चालल्या होत्या.

"दुपारी जेवून गाढ झोपायचं," मास्तर म्हणाले. "आणि दाराची कडी वाजली तरी उठायचं नाही."