दाखला उद्या मिळेल

आमच्या शाळेत शिक्षकांना नावानं हाक मारायची पद्धत आहे. सर नाही, मॅडम नाही. इथे येणाऱ्या मुलांना आधीच्या शाळांत सर-मॅडमचा पुरेसा अनुभव आलेला असतो, म्हणून सगळे एकेरी. पहिल्याच दिवशी मुख्याध्यापिकेनं विचारलं, "तुला काय म्हणून हाक मारायची?" सतरा वर्षांची पोरं मला नावानं हाक मारणार, या कल्पनेनंच माझं डोकं सणकलं. मी म्हटलं, "काकू." तिनं तेच बिल्ल्यावर छापून दिलं. तेव्हापासून अख्खी शाळा मला काकू म्हणते. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी असलेली मुख्याध्यापिकासुद्धा. ते माझं नाव नाही, हे तिला कोणी सांगू नये.

शाळा म्हणजे शुगर लँड या अमेरिकन उपनगरापासून वीस मिनिटांवरचं गाद्यांचं जुनं दुकान. एका बाजूला दातांचा डॉक्टर, दुसऱ्या बाजूला लाँड्री. मोठ्या हायस्कुलात ज्यांचं जमलं नाही अशी मुलं इथे येतात. कोणी नापास झालेलं, कोणी मारामारीत काढून टाकलेलं, कोणी नुसतंच कंटाळून घरी बसलेलं. पैसा सरकारी, कारभार स्वतंत्र, म्हणून तिला चार्टर स्कूल म्हणतात. पुण्याच्या मावशीला फोनवर हे नाव सांगितलं तर तिला वाटलं, मी सीएच्या क्लासमध्ये लागले. महिनाभर ती सगळ्या नातेवाइकांना तेच सांगत होती. मीही दुरुस्त केलं नाही, ऐकायला बरं वाटत होतं.

माझं काम हजेरीचं. मुलगी कॉलेजला गेली, नवरा सकाळी सहाला गाडी काढून ऑफिसला निघतो, मग घरात उरतो आम्ही दोघी, मी आणि डिशवॉशर. तिच्याशी तरी किती बोलणार? म्हणून ही नोकरी धरली. सकाळी दहा वाजता जे आले नाहीत त्यांना फोन करायचे आणि गैरहजेरी नोंदवायची. मी त्याला खाडे मोजणं म्हणते.

सगळ्यांत जास्त खाडे एका मुलीचे होते. अठरा वर्षांची, शेवटचं वर्ष. पहाटे साडेचारपासून ती डोनटच्या दुकानात कामाला असायची. नऊला सुटायची आणि साडेनऊला शाळेत यायची, बाह्यांवर पिठीसाखर तशीच. पण तिच्या जागी येणारा माणूस आला नाही, की ती अडकायची आणि इकडे खाडा पडायचा. नियम असा, की ठरावीक दिवसांवर खाडे गेले तर वर्षाचं क्रेडिट जातं आणि त्याबरोबर डिप्लोमा, म्हणजे बारावी पास झाल्याचा कागदही. मार्चमध्ये तिच्या हातात तीन खाडे उरले होते.

फोनवर मी तिला झापायची. एकदा म्हटलं, "आमचा नागपूरचा दूधवालासुद्धा तुझ्यापेक्षा कमी खाडे करायचा!" पलीकडून शांतपणे प्रश्न आला, "काकू, व्हॉट इज दूधवाला?" ते समजावण्यात माझी पाच मिनिटं गेली आणि रागही गेला.

तिची-माझी खरी ओळख झाली ती माझ्या इंग्रजीमुळे. चार वाजता पर्स खांद्याला लावली की मी सगळ्यांना ओरडून सांगते, "ओके, आय कम!" पोरं फिदीफिदी हसतात. ही एकटीच काउंटरवर कोपरं टेकून म्हणाली, "पण काकू, यू आर लीव्हिंग. मग कम काय?" मी सांगितलं, की आमच्यात निघताना 'जाते' म्हणत नाहीत, 'येते' म्हणतात. 'जाते' म्हटलं तर परत न येणाऱ्यासारखं वाटतं. तिनं तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. "येटे, येटे." मग म्हणाली, "माझी मॉम निघताना 'आय अॅम आउट' म्हणते आणि खरंच महिनाभर आउट असते." ती हसली. मला काही हसू आलं नाही.

एप्रिलमध्ये एका आठवड्यात दोन खाडे झाले. त्यानंतरच्या सोमवारी ती दुपारी एक वाजता आली ती हातात कागद घेऊनच. शाळा सोडण्याचा फॉर्म होता. आपल्याकडे शाळा सोडल्याचा दाखला असतो, तसलाच, फक्त इथे तो शाळा अर्धवट सोडणारेच मागतात. दुकानाच्या मालकानं तिला पूर्ण वेळ घेतो म्हणून सांगितलं होतं.

"एकच खाडा उरलाय, काकू," ती म्हणाली. "तो आज नाही तर उद्या पडणारच. मग मीच जाते. स्टँप मार."

मला इतका राग आला, की काय सांगू. तिचा नाही. तिच्या जागी न येणाऱ्या त्या माणसाचा, मालकाचा, घड्याळाचा. वर्षभर पहाटे उठून इथवर आलेली मुलगी एका खाड्यापाशी हात टेकत होती. भाषण द्यावंसं वाटलं, पण ही पोरं भाषणांवरच वाढलेली असतात, त्यांच्यावर त्याचा शून्य परिणाम. आणि तेव्हा मला नागपूरचा तो कारकून आठवला. कॉलेज बदलताना माझ्या दाखल्यासाठी त्यानं मला पाच वेळा खेटे घालायला लावले होते. साहेब जेवायला गेलेत. शिक्का साहेबांच्या कपाटात आहे. उद्या या. तेव्हा मी त्याला मनातल्या मनात लाखोली वाहिली होती.

मी फॉर्म उलटसुलट करून पाहिला आणि म्हटलं, "शिक्क्याची शाई सुकलीय. उद्या ये."

"उद्या?"

"हो. आणि आता आलीच आहेस तर दुपारच्या वर्गात बस. नाहीतर आज उगाच खाडा पडेल."

आमच्याकडे सकाळचं आणि दुपारचं अशी दोन सत्रं असतात, कुठल्याही एकाला बसलं की दिवस भरतो. तिला दुपारचं हवंच होतं, पण त्या वर्गात एकवीस खुर्च्या, म्हणून एकवीसच मुलं, बाकीची प्रतीक्षायादीत. मी माझ्या टेबलासमोरची पाहुण्यांची खुर्ची उचलली आणि वर्गात नेऊन ठेवली. तिथल्या मास्तरांना सांगितलं, "हिचं नाव हजेरीत लिही, बाकीचं मी बघते." हे मला सप्टेंबरात का सुचलं नाही, याची आजही लाज वाटते. तेव्हा मी फोनवर झापण्यात गर्क होते.

मंगळवारी ती आली. मुख्याध्यापिका मीटिंगला गेली होती, सही कोण करणार? उद्या ये. बुधवारी मला दिसलं, की फॉर्म निळ्या शाईनं भरलाय, काळी हवी. गुरुवारी दोन प्रती लागतात हे ध्यानात आलं. दर वेळी, "आलीच आहेस तर बस."

घरी नवऱ्याला सांगितलं तर तो जेवता जेवता ठसका लागेपर्यंत हसला. "यार, तू तर पक्की सरकारी बाबू झालीस! आता फाइलवर वजन ठेवायला लाव म्हणजे झालं." शुक्रवारी ती खरंच कागदी पिशवीत दोन डोनट घेऊन आली. म्हणाली, "काकू, यानं फॉर्म लवकर होईल?" एक मी तिथेच खाल्ला, दुसरा नवऱ्यासाठी घरी नेला आणि फॉर्मवर पडलेली पिठीसाखर झटकली. अर्थात काम काही केलं नाही. त्या बाबतीत तो नागपूरचा कारकूनसुद्धा माझ्यापेक्षा प्रामाणिक असावा.

दुसऱ्या आठवड्यात तिच्या लक्षात आलं असणार. ती काउंटरशी यायची, "रेडी?" विचारायची, आणि मी तोंड उघडायच्या आत खांद्यावरची बॅग सावरत वर्गाकडे वळायची.

नवव्या दिवशी मुख्याध्यापिका माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. "काकू, एकवीस खुर्च्यांच्या वर्गात बावीस मुलं कशी?"

फॉर्म अडवून ठेवणं हा गुन्हा आहे की नुसता आगाऊपणा, हे मला माहीत नव्हतं. म्हटलं, "एक जण फॉर्मसाठी थांबलंय."

"किती वेळ झाला?"

"नऊ दिवस."

तिनं काचेतून वर्गात पाहिलं. मुलगी पाहुण्यांच्या खुर्चीत बसून गणितं सोडवत होती. मुख्याध्यापिका म्हणाली, "असले फॉर्म घाईघाईत करू नयेत," आणि आत गेली. संध्याकाळपर्यंत त्या मुलीचं सत्र दुपारचं झालं होतं, तसा कागद मुख्याध्यापिकेच्या सहीनिशी माझ्या टेबलावर आला. त्या कागदावर मी लगेच शिक्का मारला. शाई भरपूर होती.

उरलेला तो एक खाडा तिनं शेवटपर्यंत वापरला नाही.

मे महिन्यात जवळच्या चर्चच्या हॉलमध्ये डिप्लोमा देण्याचा समारंभ झाला. बाहेर अंगाची लाही लाही आणि आत एसीनं हुडहुडी. तिचं नाव पुकारलं तेव्हा मी अशी काही शिट्टी मारली, की शेजारच्या आजोबांनी कानावर हात ठेवला. मला शिट्टी येते हे नवऱ्याला लग्नाला अठ्ठावीस वर्षं होऊन तेव्हा कळलं.

नंतर मी आवराआवरीला शाळेत परतले तर थोड्या वेळानं ती तिथे आली, समारंभाचा गाऊन घालूनच, डिप्लोमाचं भेंडोळं काखेत मारून. काउंटरवर कोपरं टेकून अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "काकू, माझा फॉर्म झाला का?"

मी ड्रॉवर उघडला, फॉर्म काढून पाहिला, परत ठेवला. "साहेब जेवायला गेलेत. उद्या ये."

ती खो खो हसली. मग काउंटरला वळसा घालून आत आली आणि मला घट्ट मिठी मारली. गाऊनलाही तळणाचा आणि साखरेचा वास येत होता.

दारापाशी गेल्यावर ती वळली. सत्तावीस वर्षं मी या देशातल्या दारांमधून 'येते' म्हणत बाहेर पडतेय. माझी स्वतःची मुलगी 'बाय मॉम' म्हणून जाते. 'येते' मला इथे अजून कोणी म्हटलं नव्हतं.

"येटे, काकू," ती म्हणाली.

"ये हं," मी म्हटलं. थेट मराठीतच निघालं तोंडातून, आणि तिनं मान डोलावली.