गवतचाटी सगुणा

धरमतरच्या खाडीकडेच्या त्या गावात समोरासमोर सगळे तिला सगुणाकाकू म्हणायचे. पाठ वळली की ती 'गवतचाटी'. पोरंटोरं तर तोंडावरच म्हणायची. आपण ते कधी मनाला लावून घेतलं नाही असं सगुणा सांगते. खोटं सांगते. चांगलं झोंबायचं तिला.

बरं, नाव पडायला कारणही तिचंच. माहेर रोह्याकडचं, अष्टमी गावाच्या पुढचं. कुंडलिका नदीच्या गोड्या पाण्यावर वाढलेली पोर. शेतीतलं आपल्याला कोण काय शिकवणार, असा तोरा घेऊनच ती नवरी होऊन खारपट्टीत उतरली. इथं खाडी आणि भातशेत यांच्यामध्ये काय तो मातीचा एक बांध. तो पाण्यानं झिजू नये म्हणून त्यावर मुळांसकट कापलेली गवताची ढेपळं थापतात. खाडीकडच्या अंगाला खारगवत, शेताकडच्या अंगाला हरळी. दोन्ही बारमाही, दोन्ही जमिनीला बिलगून पसरणारी, पातंही सारखंच बारीक. ढोरांनी कुरतडली की मग ब्रह्मदेवालाही ओळखू यायची नाहीत. सगुणानं पहिल्याच वर्षी खाडीकडच्या अंगाला मोठ्या हौसेनं चाळीस टोपल्या हरळी लावली! पंधरा दिवसांत भरतीच्या पाण्यानं ती जळून गेली आणि बांधाचं तेवढं अंग ढासळलं. "रोह्याची शेतकरीण आली गो!" म्हणत गावानं पोट धरधरून हसून घेतलं.

सासू पुतळी मात्र हसली नाही. दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर तिनं सुनेला बांधावर नेलं, गुडघ्यांवर बसवलं आणि म्हणाली, "चाट."

"अवो आई, गवत?"

"चाट म्हंते ना! खारगवत अंगातलं मीठ पात्यावर आणून टाकतं. हरळी नाय टाकत. नि पावसानं मीठ धुतलं, तर टोक तळव्यावर दाबून बघ. टोचलं की खारगवत, मऊ लागलं की हरळी."

सगुणानं त्या दिवशी इतकं गवत चाटलं की संध्याकाळी कालवणात मीठ घालायचं राहून गेलं आणि जेवताना तिचं तिला कळलंही नाही. बाकीच्यांना कळलं. झालं, 'गवतचाटी' नाव पक्कं झालं.

याला पस्तीस वर्षं झाली. पुतळी गेली, सगुणाच्या घरात ऋतुजा सून म्हणून आली. गेल्या वैशाखात गावानं यंत्र लावून बांध चांगला हातभर उंच करून घेतला. बांध कमिटीचा म्होरक्या जगन त्यावरून असा चालायचा, जसा काही बांध त्यानं एकट्यानं डोक्यावर वाहून आणलाय. त्याच दिवसांत सगुणाच्या शेतात, बांधापासून वीसेक पावलांवर, हिरवंगार गवत दिसायला लागलं. आजूबाजूला सगळं रान वाळून कोळ आणि हे एवढंच हिरवं.

"नळाची लाईन गळतेय, काकू," जगन म्हणाला. "हरळी हाय ती. गोडं पाणी मिळतंय फुकटचं, मजा हाय तुमची."

सगुणा वाकली, एक पातं जिभेला लावलं आणि थुंकली. "हरळी कसली, डोंबलाची! खारगवत हाय हे. बांधाखालून खाडी आत येतेय, जगन. आताच खोदून बघा. आषाढातल्या उधाणाला बांध इथंच फुटंल."

आणि बांध फुटला म्हणजे काय, हे तिथं पोरालाही सांगावं लागत नाही. एकदा खारं पाणी शिरलं की तीन-तीन वर्षं भाताचा दाणा नाही. एकाच्या नव्हे, अख्ख्या गावाच्या.

"एका जिभेवर नवा बांध खोदू?" जगन चिडला. "नि आत काय नाय निघालं, नि खोदला तिथंच उधाणानं फुटला, तर?"

त्याचं बोलणं चुकीचं नव्हतं. चाळीस टोपल्या हरळी सगुणाच्या डोळ्यांसमोरून गेली. तरी ती म्हणाली, "तर म्हणा, सगुणानं गाव बुडवला. पण मी खोदणार."

यंत्र द्यायला जगननं साफ नकार दिला. मग ऋतुजानं पदर खोचला आणि आळीतल्या अकरा बायका कुदळी-घमेली घेऊन गोळा केल्या. दुपारची ओहोटी गाठून हिरवळीच्या अगदी समोर, बांधाच्या आतल्या अंगाला खोदायला सुरुवात झाली. गुडघाभर खोदलं, कंबरभर खोदलं. कोरडी ठणठणीत माती! बांधावर उभे पुरुष हसायला लागले. "काकू, खाडी सापडली का?" कुणीतरी ओरडलं.

"आई, काय करायचं गो?" ऋतुजा दबक्या आवाजात म्हणाली. ओहोटी संपून पाणी आता उलटायच्या बेतात होतं.

सगुणा खड्ड्यातून वर आली. हिरवळीजवळ जाऊन पुन्हा गुडघ्यांवर बसली आणि पातं न् पातं तळव्यावर दाबत सरकायला लागली. टोचतंय, टोचतंय... मऊ. इथं हरळी. पुन्हा डावीकडं टोचतंय. लांबून एकसारखी दिसणारी ती हिरवळ एकसारखी नव्हतीच. हरळीतून खारगवताचा पट्टा तिरका निघाला होता. तिनं त्याच्या काठाकाठानं काड्या रोवल्या. काड्यांची रांग बांधाला भिडली ती खड्ड्याच्या डावीकडं, चांगली दहा पावलं लांब.

"इथं!" ती ओरडली.

ऋतुजानंच कुदळ घातली. मांडीभर खोलीवर खाडकन लाकूड लागलं. पणज्याच्या काळातली उघाडी! शेतातलं पाणी खाडीत सोडायची जुनी लाकडी मोरी. कधी काळी मातीत गाडली गेली, गाव तिला विसरलं आणि यंत्रानं तिच्यावरच नवा बांध चढवला. कुजलेल्या फळीतून आत साठलेलं खारं पाणी भळभळा बाहेर आलं. बांधावरचं हसू जागच्या जागी विरलं. जगननं चपला भिरकावल्या आणि तसाच खड्ड्यात उतरला. "अरे बघताय काय? चिकणमाती आणा!" मग सगळं गाव धावलं. कुजक्या फळ्या उपटल्या, मोरी चिकणमातीनं ठासून भरली, पायांनी तुडवली. भरतीचं पाणी बांधाला टेकलं तेव्हा आतून टिपूसभर ओल नव्हती.

आषाढ अमावस्येचं उधाण आलं, ते बांधाच्या माथ्याला वीतभर राखून. अख्खं गाव छत्र्या घेऊन सगुणाच्या शेताशी उभं होतं. दोन तास खाडी बांधाला धडका देत राहिली आणि मग मुकाट्यानं मागं सरली. ऋतुजानं सासूला अशी मिठी मारली की दोघी घसरून चिखलात बसल्या. सगुणा हसली, मग रडली. भात असं पिकलं की विचारू नका.

यंदा वैशाखात बांध तपासायला कमिटी निघाली, तेव्हा जगन स्वतः सगुणाला बोलवायला दारात आला. ती काठी टेकत मागून येईपर्यंत बांधाच्या आतल्या अंगाला अख्खी कमिटी, बारा पुरुष, ओळीनं गुडघ्यांवर बसले होते. प्रत्येकाची जीभ बाहेर!

"काकू, ही हरळीच ना?" जगननं पातं चाखत विचारलं.

सगुणानं काठी बाजूला ठेवली. "सरक जरा," ती म्हणाली आणि त्याच्या शेजारी गुडघ्यांवर बसली.