डोळे मागत फिरताना

जव्हारच्या सरकारी दवाखान्यात मी बारा-तेरा वर्षं डॉक्टरांच्या हाताखाली नेत्रसहायक म्हणून डोळे तपासायचो. त्यातच नेत्रदानाचे फॉर्म भरून घ्यायचं काम गळ्यात पडलं. किती भरले ते विचारू नका, वरिष्ठही विचारून थकले! पण प्रत्येक फॉर्ममागे एखादा किस्सा हमखास यायचा, आणि तो लावून ठेवायला ऑफिसात फाईल नव्हती. मग सांगत सुटण्याशिवाय इलाज काय?

*

पहिलाच कॅम्प मोखाड्याच्या आठवडी बाजारात. टेबल मांडलं, शेजारी आमच्या लतासिस्टर. मी जोरात भाषण ठोकलं, "डोळे दान करा!"

गर्दीतून धाकल्याबाबा नावाचा एक म्हातारा पुढे आला. स्टुलावर बसला आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

"काढा. पण बिगीनं, जीप सुटल."

"बाबा, आत्ता नाही! मेल्यानंतर!"

"मेल्यावर म्हातारीला काय उपेग? तिला आताच दिसत नाय. एक डोला तिला लावा, एक मला राहू द्या."

माझं भाषण तिथंच संपलं. म्हातारीला तपासलं, तर मोतीबिंदू! रीतसर ऑपरेशन झालं. पट्टी सोडली तेव्हा धाकल्याबाबा समोरच उभा होता. म्हातारीनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि लतासिस्टरना विचारलं, "ह्यो म्हातारा कोण?"

*

जव्हारचे यासीनभाई टेलर मात्र उत्साहानं दवाखान्यात आले. मोठ्यांदा वाचत फॉर्म भरला. साक्षीदार म्हणून बीबी हमीदाभाभी. त्यांनी पेन हातात घेतलं आणि थांबल्या.

"डॉक्टरसाब, तीस साल झाले, यांच्या सुईत दोरा मीच ओवते. असे डोळे घेऊन कोण काय करणार?"

मी समजावलं, चष्मा असला तरी चालतं, फक्त पुढचा पारदर्शक पडदा वापरतात.

"असं? मग ठीक." भाभींनी सही केली. "पण घेणाऱ्याला सांगून ठेवा, सुई-धाग्याच्या नादी लागू नको!"

*

या कामाचा एक तोटा झाला. आजारी माणसाला भेटायला जायची सोय राहिली नाही! शाळेतल्या एका गुरुजींनी फॉर्म भरला होता. त्यांना मलेरिया झाल्याचं कळलं म्हणून सहज चौकशीला गेलो. दारात माझी चप्पल वाजताच गुरुजी अंथरुणात उठून बसले.

"अहो, अजून वापरात आहेत!"

त्यांच्या मंडळींनी मला चहा दिला, पण घोट घेईपर्यंत नजर माझ्या बॅगेवर. संध्याकाळी गुरुजी स्वतः फिरायला निघाले. माझ्या घरावरून मुद्दाम दोन फेऱ्या मारल्या, तापात!

*

आमच्या वॉर्डातल्या आया काशीबाई. चौथीत शाळा सुटलेली. त्यांना देहदानाचं कळलं तेव्हा हातातलं फडकं तसंच ठेवून माझ्याकडे आल्या.

"म्हंजे मला डॉक्टरच्या कॉलेजात घेतील?"

"घेतील. पोरं तुमच्यावर शिकतील."

"आणि मी नापास नाय होणार?"

दुसऱ्या दिवशी सहीसाठी मुलाला धरून आणलं. तो बिचारा रडवेला. पेन टेकवेना. काशीबाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "अक्षर नीट काढ रं. आईचं ॲडमिशन हाय!"

*

आणि हा जामसरचा. तिथल्या जानकीबाईनं कॅम्पमध्ये अंगठा देऊन फॉर्म भरला होता. ती सकाळी वारली, तसा नवरा काळूनं पहिल्या एसटीच्या कंडक्टरकडे निरोप धाडला, "डोलं न्यायला या."

सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात. डॉक्टर आणि मी जीप घेऊन पोचलो, तर अंगणात वाद पेटलेला. तिचा भाऊ आडवा उभा.

"डोल्यांबिगर तिकडची वाट कशी सापडल बहिणीला?"

काळू शांतपणे म्हणाला, "लाकडं आणाया ती अंधारातच निघायची. कवा चुकली?"

भावानं पायवाटेकडे एकदा बघितलं. मग बाजूला झाला. काम आटोपलं तेव्हा पापण्या मिटलेल्या, चेहरा होता तसाच. काळूनं वाकून खात्री केली आणि बर्फाच्या डब्याकडे बघून मला म्हणाला, "हळू चालवा जीप."

डोळे कोणाला बसवले ते आम्हालाही कळत नाही, असं त्याला सांगितलं होतं. त्यानंही परत विचारलं नाही.

वर्षभरानं तो मला जव्हारच्या एसटी स्टँडवर भेटला. आम्ही बोलत असताना बसच्या खिडकीतला एक परका माणूस त्याच्याकडे टक लावून बघत होता. काळूचं तिकडे लक्ष गेलं. त्यानं शर्टाचं वरचं बटण लावलं, केसांवरून हात फिरवला आणि लाजत हसला. बस वळून दिसेनाशी होईपर्यंत तसाच उभा.

"ओळखीचा होता का रे?" मी विचारलं.

"मी नाय वळखत," काळू म्हणाला. "पण बघत व्हता ना!"