दोन्ही गोलांची जाळी

माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला गोल रेफरीने दिलाच नाही. वरच्या लीगमधली ती आमची दुसरी मॅच होती. डाव्या पायाने मारलेला बॉल पोस्टाला चाटून आत गेला आणि जाळ्याला पडलेल्या भोकातून बाहेर निघून मागच्या जाहिरातीच्या बोर्डावर आपटला. मी हात वर करून धावत सुटले. मागे वळून बघते तर त्यांची कीपर आरामात गोलकिक लावत होती. रेफरीला वाटलं, बॉल पोस्टाच्या बाहेरून गेला. लाइनवरच्या बाईंनाही तसंच वाटलं. मी गोलमागे जाऊन भोकात हात घालून दाखवला, तर मला पिवळं कार्ड मिळालं. मॅच आम्ही एका गोलने हरलो.

नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. देशातल्या बायकांची सगळ्यात वरची लीग, आणि गोलला फाटकं जाळं! मॅचआधी रेफरीने जाळं तपासायचं असतं. त्यांनी ते लांबूनच तपासलं होतं. मला त्या दिवशी इतका राग आला की आमच्या कोच सरांनी दिलेलं केळंसुद्धा मी फेकून दिलं. तो राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

मी वर्सोव्याची. आमच्या कोळीवाड्यात जाळं शिवणं हे पुरुषांचं काम, बायकांनी बाजार सांभाळायचा. पण मला भाऊ नाही, म्हणून बाबाने लहानपणी मलाच समोर बसवून गाठ शिकवली होती. दुसऱ्या दिवशी बंदरावर तो जाळं मांडीवर घेऊन बसला होता. मी त्याच्यापुढे माझ्या गोलचं रडगाणं गायले. त्याने मान वर केली नाही.

"जालं फाटलं त शिवाचं," तो म्हणाला. "ररत काय बसाचं?"

आणि शेजारी पडलेली जाळं विणायची प्लास्टिकची सुई त्याने माझ्याकडे टाकली. तिच्या पोटात हिरवा नायलॉनचा दोरा गुंडाळलेला होता.

पुढच्या मॅचपासून मी टीमच्या आधी मैदानात उतरायला लागले. ठरवून काही झालं नाही. मी भोक शोधायचे, आमची कॅप्टन जाळं ताणून धरायची आणि मी गाठी मारायचे. कॅप्टन म्हणजे आमची सेंटर बॅक. घाटकोपरची, अंगाने आडवी, जिभेने तिखट. एका गोलचं जाळं शिवून झालं की आम्ही दुसऱ्याकडे जायचो, कारण हाफटाइमनंतर बाजू बदलतात आणि आपल्याला दोन्हीकडे गोल मारायचा असतो. घरच्या मैदानावर तेच, बाहेरगावी तेच. पांढऱ्या जाळ्यांवर माझी हिरवी ठिगळं लांबून दिसायची. एकदा समोरच्या टीमचा मॅनेजर हसत हसत विचारायला आला, "मछली पकड़ने आए हो क्या?"

"हां," कॅप्टन म्हणाली, "लेकिन बोंबील छोड़ देते हैं."

ती मॅच आम्ही जिंकलो. मॅनेजर बोंबलासारखाच दिसत होता, हे मात्र खरं.

पण अशा मॅचेस थोड्या. सीझन संपत आला तेव्हा आम्ही तळाला घुटमळत होतो. शेवटच्या दोन टीम खालच्या लीगमध्ये जाणार होत्या. आमच्या क्लबचे मालक एका सकाळी सांताक्रूझच्या मैदानावर आले, जिथे आमची प्रॅक्टिस चालायची. तिथे दर थोड्या वेळाने डोक्यावरून विमान जातं आणि सगळ्यांना बोलणं थांबवावं लागतं. मालकांनी विमान जाईपर्यंत वाट बघितली आणि मग म्हणाले, "वर राहिलात तर टीम राहील. खाली गेलात तर बायकांची टीम बंद."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. त्याच क्लबची पुरुषांची टीम कित्येक वर्षं खालच्या लीगमध्ये लोळत होती. ती बंद करायचं कधी कुणाच्या स्वप्नातही आलं नाही. मी हे तोंडावर बोलले. सरांनी मला डोळ्यांनी गप्प केलं. गप्प झाले, पण घरी जाताना रिक्षावाल्याला सगळं ऐकवलं. त्याने मधे मधे "बरोबर आहे ताई" म्हटलं आणि मला जरा बरं वाटलं.

शेवटची मॅच मुलुंडकडच्या आमच्या घरच्या मैदानावर होती. जिंकलो तर वर राहणार होतो, बरोबरी चालणार नव्हती. दुपारी तीनची वेळ, कारण संध्याकाळची वेळ बायकांना कोण देतो! मी सुई घेऊन उतरले. डोंगराच्या बाजूच्या गोलला पोस्टाच्या मागे, खाली, चांगलं बॉल जाईल एवढं भोक होतं. माझा गोल गिळणाऱ्या भोकाचा सख्खा भाऊच. मी दोरा ओढला, पण कॅप्टनने जाळं धरलं नाही.

"राहू दे हे," ती हळूच म्हणाली.

"म्हणजे?"

"टॉस जिंकले तर सेकंड हाफला ही बाजू आपल्या कीपरकडे घेते. तेव्हाच खरी दमछाक असते. त्यांचा एखादा गोल इथून निघून गेला तर गेला. आपला गेला तेव्हा कोण आलं होतं गं शिवायला?"

तिचं चुकत नव्हतं. सगळ्या टीमचं पुढचं आयुष्य त्या एका मॅचवर टांगलेलं होतं. तिच्या घरी तर लग्नाची बोलणी क्लबच्या नावावर थांबवून धरली होती. क्लब गेला की तिच्याकडे सांगायला काही उरणार नव्हतं. हे मला माहीत होतं आणि ते माहीत असूनही मी खाली बसले.

प्रामाणिकपणाचा मला फार पुळका होता अशातला भाग नाही. मैदानावर मी कोपरही मारते आणि वेळही खाते. पण ज्या भोकाने माझा गोल गिळला, त्याला मी स्वतःच्या घरात पाळणार नव्हते.

"भोकाच्या जिवावर वर राहायचं असेल तर मला राहायचं नाही," मी म्हणाले. "आपण अकरा जणी आहोत. बारावी नको."

"वाट लावशील तू सगळ्यांची," ती म्हणाली आणि निघून गेली. त्या दिवशी जाळं मी गुडघ्याखाली दाबून एकटीने शिवलं.

टॉस तिने जिंकला आणि बाजू तशीच घेतली. पहिल्या हाफमध्ये आम्ही डोंगराच्या बाजूला कॉर्नरवर डोक्याने गोल केला. गोल कॅप्टननेच केला. सगळ्या तिच्या अंगावर पडल्या, मीही पडले, पण तिने माझ्याकडे बघितलं नाही. दुसऱ्या हाफमध्ये बराच वेळ आम्ही तो एक गोल राखला. मग त्यांची एक किरकोळ दिसणारी विंगर दोघींमधून आत घुसली आणि तिने खालून, जोरात, पोस्टाला घासून मारला. मी सेंटरला उभी होते. बॉल माझ्या हिरव्या गाठींवर आदळला, जागच्या जागी फिरला आणि थांबला. एवढा स्वच्छ गोल मी सबंध सीझनमध्ये बघितला नव्हता. रेफरीने लगेच शिट्टी दिली.

त्यानंतर आम्ही जीव काढला. माझा एक शॉट बारला लागला, तो आवाज अजून कानात आहे. पण मॅच एक-एकवर संपली आणि आम्ही खाली गेलो.

चेंजिंग रूममध्ये कॅप्टन माझ्याशी एकच वाक्य बोलली. "झालं समाधान?"

मी रडले. मोठ्याने, सगळ्यांसमोर, शिनगार्ड न काढता रडले. टीम गेली म्हणून रडले, शॉट बारला लागला म्हणून रडले. शिवलं म्हणून नाही. तेव्हाही नाही आणि आताही नाही. मालक आलेच नाहीत, ग्रुपवर त्यांचा मेसेज आला. खाली हात जोडल्याचं चित्र होतं.

घरी सगळ्यांनी हात दाखवून अवलक्षण म्हटलं. मावशी म्हणाली, आता तरी बाजारात बस. बाबाने सुईत नवा दोरा भरून ठेवला.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी मी उठले आणि प्रॅक्टिसच्या वेळेला सांताक्रूझला गेले. बॉल, कोन, बिब सगळं क्लबच्या खोलीत कुलूपबंद झालं होतं. पण मैदान मालकांच्या तीर्थरूपांचं नव्हतं. म्हटलं, निदान धावून घेऊ.

लांबच्या गोलमागे कुणीतरी बसलं होतं. जवळ गेले तर कॅप्टन. तिथलं जाळं पहिल्यापासूनच फाटकं, आणि ती बुटांच्या नाड्या घेऊन ते बांधत बसली होती. गाठ मारायची, ओढायची, गाठ सरकायची. जाळ्याचा पार बोळा केला होता तिने. मला बघून ती उठली नाही.

"बघतेस काय? सरकतेय ही. शिकव."

मी बॅगेतली सुई काढून शेजारी बसले. सुई कुठून घालायची, बोटाने दोरा कुठे दाबायचा ते दाखवलं. विमान आलं, आम्ही थांबलो. ते गेल्यावर ती म्हणाली, "मी अजूनही म्हणते, ते भोक ठेवायला पाहिजे होतं."

"म्हण."

"ठेवलं असतं तर वर असतो."

"असतो."

ती थोडा वेळ गाठीशी झटत राहिली. मग म्हणाली, "घरी सांगितलंय, क्लब नसला तरी टीम आहे. आता टीम उभी कर, नाहीतर माझं काही खरं नाही."

टीम उभी राहिली. आता आम्ही शहराच्या सगळ्यात खालच्या लीगमध्ये खेळतो, आमच्याच नावाने. जर्सी तोकडी झाली की टीममधल्या धाकटीला जाते. लोक म्हणतात, एवढं वर जाऊन परत तळापासून? मी म्हणते, हो, जिना तोच आहे आणि पायही आमचेच आहेत.

पहिल्या मॅचला आमच्याच गोलमागे भोक निघालं. मी बॅगेतून सुई काढेपर्यंत कॅप्टन स्वतःची सुई घेऊन तिथे बसली होती. तिचं झाल्यावर मी वाकून गाठ ओढून बघितली. सरकली नाही.