पितळेचा कीस

निवृत्त होऊन बराच काळ लोटला. खुनाच्या, दरोड्याच्या केसेस हाताळल्या, पण त्यातल्या अनेक आता पुसट झाल्या आहेत. हाटकेश भागातल्या एका छोट्या खोलीत टेबलावर उघडून ठेवलेली ड्रिल मशीनची बॅटरी मात्र अजून लख्ख दिसते.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. मी मीरा-भाईंदरमधल्या एका पोलीस ठाण्यात उपनिरीक्षक होतो. गिरगाव, परळ सोडून माणसं इकडे राहायला येत होती. नवा फ्लॅट म्हटला की कपाटं आली, पडदे आले. दुपारभर कुठल्या ना कुठल्या मजल्यावर ड्रिल चालू असायचं, त्यामुळे त्या आवाजाकडे कोणी लक्षच देत नसे. नवघरच्या एका इमारतीत चोराने त्याचाच फायदा घेतला.

घरातले नवरा-बायको दोघंही नोकरीला. मंगळवारी संध्याकाळी परतले तर दाराच्या लॅचला आरपार भोक. बाईंच्या दिवंगत आईचे दागिने गेले होते. फिर्याद देताना त्या म्हणाल्या, "साहेब, बाकी काही नाही मिळालं तरी चालेल. आईची मोहनमाळ तेवढी बघा."

पंचनाम्यात पायपुसण्यावर पिवळा, चमकणारा कीस मिळाला. लॅचचा आतला भाग पितळेचा असतो, त्याचा तो चुरा. पुडीत बांधून सील केला. जिन्यात प्लग पॉइंट नव्हता, म्हणजे मशीन बॅटरीवरची असणार. तशी मशीन तेव्हा मोजक्याच कारागिरांकडे असे.

आठवड्याने आमच्या खबऱ्याने बातमी आणली. "साहेब, गोडदेवचा एक सुतार आहे. त्याच घरात कपाट बनवलंय त्याने. बॅटरीवाली मशीन पण आहे त्याच्याकडे."

सकाळी दहाला चाळीतून सुताराला जीपमध्ये घातलं. पन्नाशीचा माणूस, रत्नागिरीकडचा, बोलायला धीमा. मी समोर मशीन ठेवली.

"मंगळवारी दुपारी कुठे होतास?"

"घरीच होतो साहेब. मशीन बंद पडलेली. बॅटरी मेली होती, दोन स्क्रू मारले की संपायची."

मी खटका दाबला. मशीन अशी जोरात फिरली की शेजारच्या टेबलावरचा हवालदारही वळून बघू लागला.

"ही मेलेली बॅटरी?"

"शुक्रवारी सेल बदलून आणले साहेब. हाटकेशला एक ताई करून देतात. कंपनीची नवी बॅटरी या मॉडेलला मिळत नाही आता."

मला ती थाप वाटली. मी आवाज चढवला, तेच प्रश्न उलटसुलट विचारले. तो तेच उत्तर देत राहिला. शेवटी त्याचे डोळे भरून आले. "साहेब, लोक मला घराची चावी देऊन कामावर जातात. तुम्ही चाळीतून जीपमध्ये घालून आणलंत. आता कोण देईल चावी?"

खोटं बोलणारा माणूस सहसा पुढच्या प्रश्नाची काळजी करतो. हा उद्याच्या कामाची काळजी करत होता. ते मला खटकलं. मशीन घेऊन मी स्वतः हाटकेशला गेलो.

ताई चाळिशीच्या. पूर्वी एका कारखान्यात सर्किट जोडायच्या. तो बंद पडल्यावर घरीच हे काम सुरू केलेलं. त्यांनी बॅटरी हातात घेतली आणि लगेच म्हणाल्या, "ही माझीच."

खालचे स्क्रू काढून डबी उघडली. आत दहा सेल ओळीने, एकमेकांना पातळ पट्ट्यांनी जोडलेले. एका सेलवर मार्करने तारीख होती. चोरीनंतरचा शुक्रवार.

"जुने सेल कसे होते?" मी विचारलं.

त्यांनी पत्र्याच्या डब्यातून दोरीने बांधलेले जुने सेल काढले. "भंगारवाला आला नाही अजून, म्हणून आहेत. चार्ज करून दाखवते." तासाभराने त्यांनी मीटर लावला. काटा बरोबर बारा व्होल्टवर गेला.

"हे तर चांगले आहेत," मी म्हणालो.

"थांबा ना साहेब." त्यांनी गाडीच्या दिव्याचा बल्ब जोडला. बल्ब क्षणभर पेटला, लालसर झाला आणि विझला. "नुसत्या मीटरवर जाऊ नका. याच्यावर लाकडात स्क्रू जाताना मारामार, लॅच काय कापणार?"

मला पायपुसण्यावरचा कीस आठवला. "ताई, ही डबी उघडली तेव्हा आत पिवळा चुरा होता का?"

"यात? छे. लाकडाचा भुसा होता. सुताराच्या बॅटरीत भुसाच असतो, पडदेवाल्याच्यात सिमेंट." टेबलाच्या कोपऱ्यात उघड्या पडलेल्या दुसऱ्या डबीकडे त्यांनी बोट केलं. "पण पिवळा चुरा आहे एकात. पडदेवाल्याचीच आहे ती. गेल्या बुधवारी देऊन गेला. आदल्या दिवशी काम करता करताच मेली, म्हणाला. सेल आले नाहीत, म्हणून तशीच उघडी पडलीय. मी विचारलं त्याला, पितळेचं काय काम केलंस? तर बोलला, देव्हारा."

दोन पंच बोलावले आणि ती डबी ताब्यात घेतली. खाचांमध्ये सिमेंटची पूड आणि तिच्यावर पितळेचा कीस. फिर्यादी बाईंना फोन केला. हो, पडदे लावायला तोच आला होता.

पडदेवाल्याला आणलं तेव्हा तो हसतच बसला.

"तू कशात भोकं पाडतोस?"

"भिंतीत साहेब, दुसरं काय?"

"मग बॅटरीत पितळ कुठून आलं?"

"एका ठिकाणी देव्हारा केला ना."

"कोणाकडे? चल, आत्ता जाऊन बघू."

तो उठलाच नाही. पाच मिनिटांनी त्याने पाणी मागितलं, तेव्हाच मी ओळखलं. त्याच्या खोलीत पडद्यांचे पोकळ पाईप रचून ठेवलेले होते. एकाचं टोपण काढलं आणि मोहनमाळ घरंगळत बाहेर आली. सुताराचं नाव आमच्या खबऱ्याच्या कानावर चहाच्या टपरीवर यानेच घातलं होतं.

ठाण्यात परतलो तेव्हा दिवस कलला होता. सुतार बाकावर तसाच बसून होता. मी म्हणालो, "तुम्ही घरी जाऊ शकता." त्या दिवशी पहिल्यांदाच मी त्याला 'तुम्ही' म्हणालो.

तो उठला, पण दाराशी थांबला. "साहेब, नेताना जीपने नेलंत. सोडायला पण जीपनेच चला. चाळीने बघायला पाहिजे."

हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. मी टोपी चढवली आणि जीप काढायला सांगितली. गोडदेवला चाळीच्या तोंडाशी गर्दी जमली. तिथे उभं राहून मी मोठ्याने सांगितलं, "यांचा काही दोष नाही. चोर सापडलाय. आमची चूक झाली." सेवेत तेवढं जड वाक्य मी क्वचितच उच्चारलं असेन.

पुढे नव्या पोरांना शिकवताना मी ही केस हमखास सांगायचो. मशीन आज चालते हे मी खटका दाबून पाहिलं, पण चोरीच्या दिवशी ती चालत होती का, हे तपासायचं राहून गेलं. पुरावा कोणत्या दिवशीचा आहे, हे न बघता माणसाला हात लावू नये. आणि लावलाच, तर त्याच्या दारापर्यंत परत जायची तयारी ठेवावी.

दुसऱ्या दिवशी फिर्यादी बाई मोहनमाळेची ओळख पटवायला आल्या. माळेचा एकेक मणी त्या चाचपत होत्या, तेव्हा मी त्यांना सुताराचं काय झालं ते सांगितलं. मग म्हणाल्या, "साहेब, त्या सुतारदादांचा पत्ता द्या. दाराला नवं लॅच बसवायचंय. आणि आम्ही कामावर असतो, तर चावी त्यांच्याकडेच देऊन ठेवते."