पीटरच्या पायाशी जाळं

आमच्या किनाऱ्यावरच्या चर्चमध्ये संत पीटरच्या सणाला मूर्तीच्या पायाशी खरं जाळं अंथरतात. यंदा ते विल्सनने घरून आणलं. एकुलता एक मुलगा. पुढच्या आठवड्यात तो फादर होण्याच्या शिक्षणाला जाणार आहे.

प्रवचनात फादर म्हणाले, येशूने हाक मारताच मासेमार पीटर जाळी तिथेच सोडून त्याच्यामागे निघाला. विल्सनची आई, आग्नेसबाई, पहिल्या बाकावर होत्या. त्या संताकडे नाही, जाळ्याकडे पाहत होत्या.

पीटरचं पुढचं आयुष्य सर्वांना ठाऊक आहे: तुरुंग, रोम, क्रूस. त्याच्या घरच्यांबद्दल फार थोडं सापडतं. बायको होती, सासू होती. तो गेल्यावर त्या घरात काय शिजलं, हे कोणी लिहून ठेवलेलं नाही.

मिस्साची उपासना संपल्यावर विल्सन हळूच म्हणाला, "आय, पीटरनेपण घर सोडलंच ना?"

"त्याच्या सासूचा ताप तरी देवाने उतरवला. तुझ्या बापाची कंबर कोण सरळ करणार?"

बाजूला उभे असलेले फादर हसले. बाई हसल्या नाहीत. मासेमारीची बंदी उठली की ऑगस्टमध्ये होडी पाण्यात जाईल आणि तिच्यात नवरा एकटाच असेल.

त्या वाकून जाळं गोळा करू लागल्या. एवढ्या मोठ्या जाळ्याची घडी एकट्याने होत नाही. विल्सनने न सांगता दुसरी बाजू उचलली. दोघं एकमेकांकडे चालत आले, टोकाला टोक लागलं. घडी पुरी करायला त्याचं टोक आता आईने घ्यायचं, पण आग्नेसबाईंनी हात पुढे केला नाही. ते त्यांनी त्याच्याच हातात राहू दिलं.